पोस्टर फाडलेल्या पोराच्या बाबांना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की मुलगा अकरा वर्षांचा, तुम्ही इंदूरच्या सुदामा नगरला राहता, त्याच्या लाडक्या खेळाडूबद्दल मोबाईलवर काहीतरी वाईट बातमी आली (नाव तुम्ही लिहिलं नाहीत, बरं केलंत), त्यानं रात्री गुपचूप भिंतीवरचं पोस्टर फाडलं आणि आठ दिवस झाले क्रिकेटच्या सरावाला, नेटला जात नाही, बॅट पलंगाखाली पडलीय. २००० साली तुमचं पण असंच झालं होतं, तेव्हा तुम्हाला कोणी काही समजावलं नव्हतं, तर आता याला काय सांगायचं.

मी डॉक्टर नाही, कोच आहे. चिमणबाग मैदानात मॅटवर पोरांना क्रिकेट शिकवायला लागलो त्याला बत्तीस वर्षं झाली, तेव्हा डोक्यावर केस होते. अशी पोस्टर फाडणारी पोरं मी २००० मध्ये बघितली, २०१३ मध्ये बघितली, २०१८ मध्ये बघितली, आणि अधूनमधून एखादं-दुसरं येतच असतं.

पहिली गोष्ट. तो त्या खेळाडूवर चिडलाय असं तुम्ही धरून चाललाय. बहुतेक वेळा तसं नसतं हो. तो ओशाळलेला असतो. या वयाचं पोरगं हिरोला नुसतं बघत नाही, त्याची वकिली करत असतं. वर्गात त्याच्यासाठी भांडलेलं असतं, रिक्षात मागच्या सीटवर बसून मोठ्या पोरांशी वाद घातलेला असतो, त्याच्या नंबरची जर्सी घालून गणपतीत नाचलेलं असतं. आणि एका दिवसात तीच सगळी पोरं त्याच्याकडे बघून हसायला लागतात. त्याच्या डोक्यात 'तो वाईट निघाला' हे नंतर येतं, आधी येतं 'मी मूर्ख ठरलो'. एकदा शांतपणे विचारून बघा, शाळेत कोणी काही बोललं का. मी पैज लावतो, कोणीतरी बोललेलं असणार. आणि राग मानू नका, पण घरातही कोणीतरी बोललेलं असतं. 'बघ, हा तुझा हिरो' असं एखादा काका जेवताना बोलून जातो आणि ते पोराला बातमीपेक्षा जास्त लागतं.

२००० चं मला चांगलं आठवतं. ७ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोन्येच्या बुकीशी फोनवरच्या फिक्सिंगच्या बोलण्याची गोष्ट बाहेर काढली, पहिले दोन-तीन दिवस आपण सगळे म्हणालो की हे शक्यच नाही, असा सरळ माणूस, पोलिसांचाच काहीतरी घोटाळा असेल, आणि ११ तारखेला त्यानं स्वतःच कबूल केलं की मी पूर्ण खरं बोललो नव्हतो. मग आपल्याकडची नावं निघायला लागली. माझ्याकडे तेव्हा एक तेरा वर्षांचा पोरगा होता, आपला माजी कॅप्टन अझरुद्दीन, त्याचा भक्त, त्याच्यासारखीच कॉलर वर, गळ्यात तावीज (आई बिचारी देशस्थ ब्राह्मण, तिनं दत्ताचा तावीज करून दिला होता), आणि मनगटातून असा फ्लिक मारायचा की मी नेटच्या मागे उभा राहून नुसता बघत बसायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आला तो कॉलर खाली करून. कोणी काही विचारलं नाही. पण त्या वर्षी नेटमध्ये एक नवीनच टूम निघाली होती, कोणी कॅच सोडला की बाकीची पोरं ओरडायची, 'कितने में बिका रे?' आणि हसायची. त्याचा एक कॅच सुटला, ओरडले, आणि तो ग्लव्हज मॅटवर ठेवून सायकल घेऊन निघून गेला. मी पण हसलो होतो हो. पंचवीस वर्षं झाली, मला अजून त्या हसण्याची लाज वाटते.

तो पंधरा दिवसांनी परत आला, पण तो फ्लिक बंद. मिडलस्टंपवरचा बॉल सरळ बॅटनं नुसता अडवत बसायचा. मी त्याला एवढंच म्हणालो की हे बघ, फ्लिक कोणाच्या बापाचा नाहीये, मनगट तुझं आहे, मार. महिनाभर लागला. हा किस्सा एवढ्यासाठी सांगतोय की तुमच्याकडे पलंगाखाली जी बॅट पडलीय ना, खरी भानगड तिथं आहे. पोस्टरचं काय, कागद आहे. पण पोरगं त्या माणसाकडून जे शिकलं ते सुद्धा खोटं असं त्याला वाटायला लागतं, आणि ते जाता कामा नये. अझरनं पहिल्या तीन टेस्टमध्ये तीन शतकं मारली, ९९ टेस्ट खेळला आणि शेवटच्या टेस्टमध्ये पण शतक मारून गेला, ते सगळं पोरानं मनगटात घेतलेलं असतं. ते परत कसं करणार?

बरं, अझरचं नाव घेतलंय तर पुढचं पण सांगितलं पाहिजे, कारण बहुतेक आईबाप अर्धंच सांगतात. डिसेंबर २००० मध्ये क्रिकेट बोर्डानं त्याच्यावर आजन्म बंदी घातली, आणि २०१२ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टानं ती बंदी बेकायदा ठरवली. अजय जडेजाची पाच वर्षांची बंदी पण दिल्ली हायकोर्टात टिकली नाही. उलट क्रोन्येनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. म्हणजे आरोप वेगळा, बोर्डाची शिक्षा वेगळी, कोर्टाचा निकाल वेगळा आणि माणसानं स्वतः सांगितलेलं वेगळं. अकरा वर्षांच्या पोराला हे कळतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा चांगलं कळतं, कारण एलबीडब्ल्यू त्याला कळतो ना. अपील झालं म्हणजे आउट नाही, अंपायरनं बोट वर केलं म्हणजे आउट, आणि त्याच्यावर पण रिव्ह्यू असतो. असं सांगा. तुमच्या खेळाडूची बातमी कुठल्या पायरीवर आहे ते दोघं मिळून बघा, पण पेपरात बघा, रील्समध्ये नको. रील्समध्ये अपीलच निकाल असतो.

आणि गुन्हा सिद्ध असेल तर तसं सांगा, गुळमुळीत बोलू नका. क्रोन्येचं मी पोरांना सांगतो. जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियनला इंग्लंडविरुद्धची टेस्ट पावसानं मेली होती, त्यानं इनिंग सोडून देऊन मॅच जिवंत केली, सगळ्यांनी काय खिलाडूवृत्ती म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि नंतर कळलं की त्यासाठी एका बुकीकडून थोडे पैसे आणि एक लेदरचं जॅकेट घेतलं होतं. दरवेळी एखादं पोरगं विचारतंच, 'जॅकेट? फक्त जॅकेट?' मी काही उत्तर देत नाही. पोरं आपापसात चर्चा करतात, कोणी म्हणतं त्याच्याकडे तर पैसे होते, कोणी म्हणतं थंडी असेल. त्यांना करू द्यावी.

आता ते 'आमच्या वेळी असं नव्हतं' प्रकरण. इंदूरमध्ये हे फार चालतं, होळकर टीम, चार वेळा रणजी, सी. के. नायडू, मुश्ताक अली, सरवटे, म्हणजे देवमाणसंच सगळी. मी पण त्याच गोष्टींवर वाढलो. माझे आजोबा सांगायचे की १९५१-५२ च्या फायनलला दत्तू फडकरचा बॉल सीकेंच्या तोंडावर लागला, वय ५६, दात पडले, तर दात बाजूला सारून पुढं खेळले. चंदू सरवटे तर बोटांच्या ठशांचे एक्स्पर्ट होते, आणि १९४६ मध्ये ओव्हलला शूट बॅनर्जीबरोबर शेवटच्या विकेटला २४९ रन जोडले, दहा नंबर अकरा नंबर दोघांची शतकं. हे सगळं खरं आहे. पण ह्याच सीकेंनी १९४१ मध्ये लिव्हर टॉनिकची जाहिरात केली होती, हे आजोबांनी कधी सांगितलं नाही! आणि १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात आपला कॅप्टन विझीनं (विजयनगरमचे महाराजकुमार) मुश्ताक अलींना सांगितलं म्हणे की जोडीचा ओपनर विजय मर्चंटला रनआउट कर, मुश्ताकनी ते जाऊन मर्चंटलाच सांगितलं, दोघं हसले आणि ओपनिंगला २०३ रन काढले, मुश्ताकचे ११२. परदेशात टेस्ट शतक काढणारा पहिला भारतीय आपल्या इंदूरचा, हे आपण छाती फुगवून सांगतो, पण त्या शतकामागं ड्रेसिंगरूममधलं केवढं घाणेरडं राजकारण होतं ते गाळतो. का गाळतो? मला तर तो रनआउटचा भागच जास्त आवडतो. पोरांनाही तोच आवडतो.

एक फरक मात्र खरा आहे आणि तो मला फार उशिरा कळला. मुश्ताक अली साहेब इथेच राहायचे, २००५ ला इथेच गेले. आमच्या लहानपणी ते दिसायचे, म्हातारे, आपल्यासारखेच. ज्याला तुम्ही बाजारात बघता त्याचा तुम्ही देव करू शकत नाही, आदर करता. त्याचे गुणदोष गावाला माहीत असतात आणि तरी लोक उठून उभे राहतात. आताच्या पोराचा हिरो त्याच्या उशाशी मोबाईलमध्ये असतो, जिममध्ये काय करतो, कुत्र्याचं नाव काय, बायकोच्या वाढदिवसाला काय दिलं, सगळं माहीत, आणि भेट एकदाही नाही. हॉर्टन आणि वोल म्हणून दोन अमेरिकन अभ्यासक होते, त्यांनी १९५६ मध्येच टीव्हीबद्दल हे लिहून ठेवलंय, बघणाऱ्याला वाटतं आपली ओळख आहे, पण ती ओळख एकाच बाजूची असते. तेव्हा मोबाईल नव्हता. आता तर पोरगं त्या ओळखीतच झोपतं आणि उठतं. आणि त्यात जाहिराती. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला आणि टीम इंडियाच्या जर्सीवरचं असल्याच एका कंपनीचं नाव रातोरात गेलं, तेव्हा माझ्याकडच्या एका दहा वर्षांच्या चिमुरड्यानं विचारलं, 'सर, परवापर्यंत छातीवर होतं ना, मग परवा ते चांगलं होतं का?' मी म्हणालो चल, दोन राउंड मार ग्राउंडचे. काय सांगू त्याला.

अजून एक बघा. सियाल्दिनी नावाच्या माणसानं १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांवर अभ्यास केला होता, टीम जिंकली की पोरं 'आपण जिंकलो' म्हणायची, हरली की 'ते हरले'. आपला फॅमिली ग्रुप उघडून बघा, हेच दिसेल. मोठ्या माणसाला 'आपण'वरून 'ते'वर उडी मारायला एक मिनिट लागतं. अझर आपला होता, मग तो त्यांचा झाला. लहान पोराला ही उडी येत नाही. तो 'आपण'मध्येच अडकून बसतो. म्हणून त्याला लगेच दुसरा हिरो देऊ नका, 'सोड रे, रजत पाटीदारचं पोस्टर आणू, आपल्या इंदूरचा आहे' वगैरे. पाटीदार चांगलाच खेळतो, २०२२ च्या रणजी फायनलला त्याचं शतक होतं, प्रश्न तो नाही. पण तुमच्या पोराला त्यातून एवढंच कळेल की माणूस मोडला की बदलून आणायचा, चप्पल आणतो तसा.

माझं स्वतःचं सांगतो. मी बारा वर्षांचा असताना आमच्या क्लबात एक ओपनर होता, आम्ही त्याला भैया म्हणायचो, मी त्याची किटबॅग उचलायचो, फुकट, आनंदानं. लेट कट असा मारायचा की बॉल स्लिपच्या हातात जाता जाता वाट बदलायचा. माझे बाबा मिलमध्ये कारकून, दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी मला बॅट घेऊन दिली होती. भैया म्हणाला ट्रायलला नेतो, परवा देतो. परवा काही आला नाही, मग आज देतो उद्या देतो झालं, आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या क्लबचा एक पोरगा माझ्या बॅटनं खेळताना दिसला. हँडलच्या रबराखाली मी खिळ्यानं माझं नाव कोरलं होतं, रबर वर करून दाखवलं, तर तो म्हणाला मी तर पैसे देऊन घेतलीय. घरी सांगायची हिंमत झाली नाही. बाबांनी विचारलं तर म्हणालो हरवली, मार खाल्ला, पण भैयाचं नाव नाही घेतलं. का नाही घेतलं, अजून कळत नाही. कदाचित नाव घेतलं असतं तर मी त्याची बॅग उचलायचो हे पण सगळ्यांना आठवलं असतं.

लेट कट मी आजही त्याच्याच पद्धतीनं शिकवतो, शेवटच्या क्षणी मनगट सैल, बॉल जवळजवळ विकेटकीपरला देऊन टाकायचा आणि मग घ्यायचा.

तर करायचं काय. पोस्टरचे तुकडे असतील तर फेकू नका, चिकटवून परत लावू पण नका, असू द्या कपाटात. तुमची स्वतःची २००० ची गोष्ट त्याला सांगा, पण शेवटी 'मग मला कळलं की' असं म्हणून उपदेश जोडू नका, फक्त काय झालं ते सांगा, तुम्ही रडलात का, कोण हसलं, किती दिवस मॅच बघितली नाहीत. २०१८ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या टीमनं सँडपेपरनं बॉल घासल्याचं झालं होतं, कॅप्टन स्मिथ आणि वॉर्नरला एकेक वर्षाची बंदी, स्मिथ सिडनीला परत येऊन पत्रकारांसमोर रडला तेव्हा त्याचे वडील मागं उभे होते, खांद्यावर हात ठेवून, एक शब्द न बोलता. तेवढं जमलं तरी पुष्कळ.

दुसरं, हे जरा गंभीर आहे, बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. बातमी पैशाची, फिक्सिंगची, डोपिंगची असेल तर वर सांगितलं तसं. पण बातमी जर त्या खेळाडूनं किंवा कोचनं कोणाला त्रास दिल्याची, अंगाला हात लावल्याची असेल, आणि पोरगं एकदम गप्प झालं असेल, तर कधीकधी विषय हिरोचा नसतोच. २०२३ मध्ये कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या होत्या, तेव्हा माझ्याकडच्या एका मुलीनं ग्राउंडवर येणं बंद केलं. सगळे म्हणाले परीक्षा आहे. आईनं जवळ घेऊन विचारलं तेव्हा वेगळीच गोष्ट निघाली, ग्राउंडची नव्हती, पण निघाली. म्हणून एकदा साधं विचारा, 'तुझ्याशी असं कोणी वागलंय का?' आणि उत्तर येईपर्यंत थांबा, मोबाईल हातात न घेता. काही निघालं तर १०९८ ला फोन करा, तो मुलांसाठीचाच नंबर आहे. आणि काही निघालं नाही पण दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, शाळा नको असं चाललं तर काउन्सिलरकडे न्या, कोचवर अवलंबून राहू नका.

कोचवर अवलंबून राहू नका हे मी उगीच नाही म्हणत. बरीच वर्षं झाली, तेव्हा ती मनगटाच्या एक्स-रेची टेस्ट नव्हती, आता बोर्ड अंडर-सिक्स्टीनच्या मुलांची टीडब्ल्यू-३ करून हाडाचं वय बघतं, तेव्हा फक्त जन्माचा दाखला चालायचा. माझ्याकडे एक दांडगा बॉलर होता, त्याच्या घरच्यांनी दुसरा दाखला काढून आणला, दोन वर्षं लहान. मला माहीत होतं. मी काही केलं नाही असं मी स्वतःला सांगत होतो, मी फक्त गप्प बसलो. तो डिव्हिजनच्या टीममध्ये गेला आणि ज्याची जागा गेली तो पण माझाच पोरगा होता, शांत, लेफ्टआर्म स्पिनर, रोज पहाटे साडेपाचला येऊन स्वतः मॅट अंथरणारा. त्यानं मला एकदाच विचारलं, 'सर, तुम्हाला माहीत होतं?' मी म्हणालो नाही रे. माझं तोंड बघूनच त्याला कळलं. पुढच्या सोमवारी मॅट कोणी अंथरलीच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला, पुण्याला नोकरी करतो, बायकोची ओळख करून दिली, वाकून नमस्कार केला. म्हणाला, 'हे काका, यांच्याकडे मी क्रिकेट खेळायचो.'

२०१३ मध्ये आयपीएलचं फिक्सिंग निघालं तेव्हा आपल्या इंदूरचे संजय जगदाळे बोर्डाचे सेक्रेटरी होते, ३१ मे ला त्यांनी राजीनामा दिला, खजिनदार शिर्क्यांनी पण दिला. पेपरात ते वाचताना मला पहिल्यांदा आठवला तो माझा लेफ्टआर्म स्पिनर. राजीनामा द्यायला माझ्याकडे तर पद पण नव्हतं, एक 'नाही रे' गिळायचा होता, तेवढंही झालं नाही.

असो. रविवारी सकाळी साडेसहाला मुलाला घेऊन या, शिकवायला म्हणून नाही, मी पोह्यांची गाडी लागायच्या आत एकटाच मॅट टाकत असतो, एक टोक धरायला माणूस लागतो. बॅट आणू नका. वाटलं तर टेनिस बॉलवर कॅचिंग करू, आणि कॅच सुटला तर कोणी काही ओरडणार नाही, ते माझ्याकडं लागलं.